इंडोनेशियातील कोरीव बांबूपात्रे : मूळस्थान निश्चितीची साधने व मर्यादा

प्रस्तावना

इंडोनेशियातून युरोप व अमेरिकेतील संग्रहालयांत आणि पुढे जगभरच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात गेलेल्या वस्तूंमध्ये बांबूच्या पेरापासून केलेल्या कोरीव पात्रांची संख्या मोठी आहे. वीतभर किंवा हातभर लांबीचे नळकांडे, तळाशी बांबूची नैसर्गिक गाठ, वरच्या तोंडाला लाकडी बूच किंवा टोपण आणि सालीवर काळ्या रेषांत कोरलेली नक्षी, असे त्यांचे सर्वसाधारण रूप असते. त्यांत चुना, तंबाखू, मीठ, औषधी मुळ्या, सुया, बंदुकीच्या गोळ्या असे काहीही ठेवले जाई. सुमात्रातील बाताक, बोर्निओतील दायाक समूह, सुलावेसीतील तोराजा, तिमोरमधील आतोनी आणि इतर अनेक समाजांनी अशी पात्रे केली. दिसायला ती परस्परांच्या इतकी जवळ असतात की संग्रहालयाच्या चिठ्ठीवर अनेकदा केवळ 'इंडोनेशिया' एवढाच उल्लेख आढळतो, आणि विक्रेत्यांच्या यादीत तर बुचावर मानवी आकृती दिसली की 'बाताक मांत्रिकाचे औषधपात्र' असे सरसकट लिहिले जाते.

हा प्रश्न केवळ सूचीकाराच्या सोयीचा नाही. वसाहतकालीन संग्रहांबाबत नेदरलँड्स सरकारने नेमलेल्या समितीचा अहवाल २०२० मध्ये सादर झाला. त्यानंतर जुलै २०२३ मध्ये ४७८ वस्तू इंडोनेशिया व श्रीलंका या देशांना परत करण्याचा निर्णय झाला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये आणखी २८८ वस्तू इंडोनेशियाकडे सुपूर्द करण्यात आल्या. १८९४ च्या लोंबोक युद्धातील लूट किंवा सिंगासारीची शिल्पे यांच्याविषयी लष्करी व प्रशासकीय कागदपत्रे उपलब्ध आहेत. चुन्याच्या नळीसाठी असे कागद कोणी ठेवलेले नसतात. तिचे गाव ठरवायचे तर प्रथम तिलाच विचारावे लागते. बांबूपात्र स्वतःविषयी कोणकोणती साक्ष देते, त्या साक्षींचे परस्परांच्या तुलनेत वजन किती, आणि प्रचलित पद्धतीत नक्षीला जे अग्रस्थान दिले जाते ते कितपत योग्य आहे, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

नक्षीवरून ओळख : एक अपुरी पद्धत

नक्षी पाहून प्रदेश सांगणे ही सर्वांत जुनी व सर्वांत सोपी पद्धत होय. तिला आधार नाही असे नाही. बोर्निओतील कायान व केन्याह समाजांच्या कोरीव कामात 'आसो' हा प्राणी वारंवार येतो. 'आसो' म्हणजे कुत्रा. पण त्याचे शरीर नागासारखे वळणे घेत जाते, जबडा उघडा असतो आणि शेपटी पुढच्या वेलबुट्टीत मिसळून जाते. या समाजांत आसो व पूर्ण मानवाकृती यांचा वापर प्रतिष्ठित घराण्यांशी जोडलेला होता; त्यामुळे अशी नक्षी समाजाबरोबर दर्जाचीही सूचना देते. दक्षिण बोर्निओतील न्गाजू समाजाच्या बांबूवर जीवनवृक्ष, मृतांचे जहाज, घंटा, रांजण व बलिस्तंभ अशी कथनात्मक दृश्ये आढळतात. 'तिवाह' या उत्तरक्रियेच्या महोत्सवाशी त्यांचा संबंध आहे. तोराजांच्या घरांच्या भिंतींवर कोरला जाणारा 'पा तेदोंग' हा रेड्याच्या मस्तकाचा आकृतिबंध आणि 'पा बार्रे आलो' हे सूर्यबिंब त्यांच्या बांबूकामातही उतरते.

अडचण पुढे सुरू होते. अशी ठळक चिन्हे असलेली पात्रे थोडी असतात. बहुसंख्य पात्रांवर त्रिकोणांच्या रांगा, समभुज चौकटी, आकडे, नागमोडी पट्टे व दुहेरी सर्पिले एवढेच असते, आणि हे सर्व द्वीपसमूहात सर्वत्र आढळते. फान देर होप यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंडोनेशियन आकृतिबंधांच्या ग्रंथाची मांडणी प्रदेशानुसार नसून आकृतिबंधानुसार आहे. एकाच आकाराखाली सुमात्रा, बोर्निओ, तिमोर व पूर्वेकडील बेटे येथील उदाहरणे त्यात शेजारी शेजारी बसतात. ग्रंथाचा हेतू वेगळा असला तरी केवळ आकृतिबंधावरून गाव सांगता येत नाही, याचा तो उत्तम पुरावा ठरतो. रॉबर्ट हाइने-गेल्डर्न यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या साम्याचे स्पष्टीकरण प्राचीन शैलीप्रवाहांच्या प्रसारात शोधले. तो सिद्धान्त मान्य करो वा न करो, निष्कर्ष एकच राहतो: जे सर्वांकडे आहे ते कोणा एकाची ओळख ठरू शकत नाही.

शिवाय नक्षी ही सर्वांत सहज नक्कल होणारी गोष्ट आहे. छायाचित्रांचे पुस्तक समोर असले की आसो कोठेही कोरता येतो.

लिपीचा पुरावा

ज्या पात्रांवर मजकूर आहे त्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि मराठी वाचकाला येथे अनपेक्षित ओळखीचे काही भेटते. बाताक लिपी ही ब्राह्मी कुळातील आहे. दक्षिण भारतातील पल्लव लिपी व जावातील कावी लिपी यांच्या मार्गाने तिची परंपरा सांगितली जाते. प्रत्येक व्यंजनात 'अ' अंगभूत असतो, इतर स्वरांसाठी खुणा असतात आणि व्यंजनाचा पाय मोडण्यासाठी 'पांगोलात' नावाचे चिन्ह असते. दक्षिण सुमात्रातील रेजांग व तिच्या भगिनी लिपींना 'क-ग-ङ' लिपी असेच म्हणतात, कारण त्यांची वर्णमाला क, ग, ङ. त, द, न. प, ब, म अशी चालते. महाप्राण वगळले की आपली वर्गवारीच ती. विल्यम मार्सडेन यांच्या १७८३ मधील सुमात्राविषयक ग्रंथात तेथील लोक बांबूच्या सालीवर लिहितात याची नोंद आहे. रेजांग मजकुरांचा जास्पान यांनी केलेला अभ्यास १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला.

बाताक लिपीचे कारो, पाकपाक, सिमालुंगुन, तोबा व आंगकोला-मांडाइलिंग असे पाच प्रकार मानले जातात. त्यांच्यातील भेद हेच स्थाननिश्चितीचे खरे साधन होय. कारो भाषेत 'म्ब' व 'न्द' या जोडध्वनींसाठी स्वतंत्र अक्षरे आहेत, 'च' आहे, आणि अस्पष्ट मध्यस्वरासाठी वेगळी खूण आहे. तोबा भाषेत तो स्वरच नाही. अशी खूण नळकांड्यावर सापडली तर ते तोबा सरोवराच्या काठचे असण्याची शक्यता जवळजवळ संपते.

उच्चारही साक्ष देतात. तोबा परंपरेतील दिवसांची पहिली सात नावे आर्तिआ, सुमा, अंगारा, मुदा, बोरास्पाती, सिंगकोरा व सामिसारा अशी आहेत. आदित्य, सोम, अंगारक, बुध, बृहस्पती, शुक्र व शनैश्चर यांची ही रूपे ओळखण्यास संस्कृतच्या प्राध्यापकाची गरज नाही. बुधाला तोबा 'मुदा' म्हणतात, तर कारो 'बुदाहा'. राशींच्या नावांत कर्कट 'हराहाता', कन्या 'हानिया', मकर 'महारा' आणि कुंभ 'मोरहुम्बा' होतो, म्हणजे मूळ 'क'च्या जागी 'ह' येतो. हे तोबा उच्चाराचे वळण आहे. ते मजकुरात सातत्याने आढळले तर पात्र कोठे विकत घेतले गेले यापेक्षा लिहिणारा कोठे वाढला हे अधिक निश्चितपणे कळते.

'पोरहालाआन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बांबूच्या पंचांगांबाबत मात्र सावधगिरी हवी. बारा किंवा तेरा ओळी व तीस रकाने असलेली ही कोष्टके तारीख मोजण्यासाठी नसून मुहूर्त पाहण्यासाठी असत. त्यांत विंचवाचे चिन्ह येते. 'हाला' म्हणजे विंचू, आणि पंचांगाचे नावही त्यावरूनच आले आहे. पुष्कळ पंचांगांवर केवळ चौकटी व चिन्हे असतात, दिवसांची नावे नसतात. तेथे उच्चाराचा पुरावा मिळत नाही.

सुमात्राबाहेरची एक गल्लत येथे नोंदवणे आवश्यक आहे. फिलिपिन्समधील मिंदोरो बेटावरील हानुनोओ मांग्यान समाजही बांबूच्या चुनापात्रांवर आपल्या ब्राह्मी कुळातील लिपीत सात अक्षरांच्या चरणांची 'आंबाहान' ही गीते कोरतो. या व तिच्या भगिनी लिपींच्या लेखनवारशाची नोंद युनेस्कोच्या जागतिक स्मृती सूचीत १९९९ मध्ये झाली. लिपी न वाचणाऱ्याला हे पात्र सहज बाताक वाटू शकते. वाचणाऱ्याला एक साधी कसोटी उपलब्ध आहे. हानुनोओच्या पारंपरिक लेखनात शब्दाच्या शेवटचे व्यंजन लिहिलेच जात नाही, वाचकाने ते संदर्भाने ओळखायचे असते. बाताक लेखनात ते पाय मोडून लिहिले जाते. मजकुरात पाय मोडण्याची खूण कोठेच नसेल तर बाताक असल्याचा दावा संशयास्पद ठरतो.

याच खुणेत नक्कल ओळखण्याचे साधनही दडलेले आहे. बाताक लेखनात व्यंजनान्त अक्षर लिहिताना स्वराची खूण आपल्या जागेवरून सरकते. 'तिप' असा उच्चार असेल तर इकाराची खूण 'त'ला न लागता शेवटच्या 'प'ला लागते आणि त्यानंतर पाय मोडला जातो. ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी लिहून नंतर उच्चारणाऱ्या मराठी माणसाला याचे नवल वाटू नये. परंतु केवळ अक्षरांचा तक्ता पाहून कोरणाऱ्याला हा नियम माहीत नसतो. तोबा सरोवरातील सामोसिर बेटावर व अन्यत्र पर्यटकांसाठी केलेल्या वस्तूंवरील अक्षरे पुष्कळदा सुबक असतात, पण त्यांतून शब्द तयार होत नाहीत.

मजकुराचा अर्थ आणि चिठ्ठीचा अन्याय

लिपी ओळखून थांबणे पुरेसे नाही. मजकूर वाचला गेला पाहिजे. बाताक लेखन म्हटले की 'पुस्ताहा' आठवतात. आलिम झाडाच्या सालीच्या घडीव पट्टीवरील या पोथ्या 'दातू' म्हणजे मांत्रिक-वैद्य लिहीत, आणि त्यांचे विषय शकुन, औषध, संरक्षण व अभिचार हे होते. त्यामुळे लिहिलेली प्रत्येक बाताक वस्तू जादूटोण्याची, असा समज युरोपीय संग्राहकांत रूढ झाला. वास्तविक कारो प्रदेशातील लिहिलेल्या बांबूंचा मोठा भाग 'बिलांग-बिलांग' म्हणजे विलापगीतांचा आहे. प्रेमात निराश झालेल्या, दारिद्र्याने किंवा पोरकेपणाने खचलेल्या तरुणांनी आपले दुःख चुन्याच्या व तंबाखूच्या नळीवर कोरले. उली कोझोक यांनी या वाङ्मयाचा सविस्तर अभ्यास केला आहे. दातूच्या वर्गाबाहेरील सामान्य तरुणांमध्येही लेखन प्रचलित होते हे या मजकुरांवरून दिसून येते. सुमात्राच्या साक्षरतेच्या इतिहासात ही बाब फार महत्त्वाची आहे.

अशा नळीवर 'मांत्रिकाचे औषधपात्र' अशी चिठ्ठी लागली की दोन चुका एकदम होतात. गाव चुकते, कारण 'मांत्रिकाचे' या विशेषणाबरोबर 'तोबा' हे नाव जवळजवळ आपोआप येते. आणि माणूस चुकतो, कारण प्रेमभंगाने व्याकूळ झालेल्या तरुणाचा मांत्रिक होतो. रेनिश मिशनचे नोमेनसेन १८६२ मध्ये सुमात्रात आले. तोबा प्रतिकाराचे नेते सिसिंगामंगाराजा बारावे १९०७ मध्ये डच सैन्याकडून मारले गेले. या दोन वर्षांच्या दरम्यान बाताक वस्तूंचा फार मोठा साठा मिशनरी, अधिकारी व देलीच्या तंबाखू मळ्यांतील युरोपीय यांच्याकडे गेला. ज्यांना मजकूर वाचता येत नव्हता त्यांनी दिलेली वर्णने पुढे सूचींमध्ये गेली आणि सूचीतून सूचीत उतरत राहिली. बायबलच्या भाषांतरासाठी १८५१ ते १८५७ या काळात बाताक प्रदेशात राहिलेले फान देर तूक यांच्यासारखा भाषा जाणणारा संग्राहक हा अपवाद होता. त्यांचे संकलन लायडेनला पोहोचले.

कोरण्याची रीत व वापराच्या खुणा

मजकूर नसलेल्या पात्राकडे पाहताना 'काय कोरले आहे' यापेक्षा 'कसे कोरले आहे' हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो. बांबूच्या बाहेरील सालीत सिलिकाचे प्रमाण मोठे असते, त्यामुळे ती रंग धरत नाही. आतला भाग धरतो. या एकाच गुणधर्मातून दोन वेगळ्या रीती निर्माण झाल्या. पहिल्या रीतीत सुरीच्या टोकाने बारीक रेषा कापून त्यांत तेलात खललेली काजळी चोळतात. वरची काजळी पुसली की पिवळ्या पृष्ठावर काळी रेषा उरते. बाताक, तोराजा व तिमोरी काम प्रामुख्याने या प्रकारचे आहे. दुसऱ्या रीतीत आकृतीची कड कापून तिच्या सभोवतालची साल खरवडून काढतात व तो भाग रंगवतात. येथे आकृती उजळ राहते आणि पार्श्वभूमी गडद होते. बोर्निओतील ही रीत चार्ल्स होज व विल्यम मॅक्डुगल यांच्या १९१२ मधील ग्रंथात वर्णिलेली आहे. आकृतिबंध उसना घेणे सोपे असते. हाताला लागलेले वळण तितक्या सहज बदलत नाही. म्हणून आसोची आकृती केवळ काळ्या रेषेत काढलेली असेल तर ती बोर्निओची आहे का, याविषयी शंका घेण्यास जागा राहते.

आतील अवशेषांकडे सूचीकारांचे दुर्लक्ष झाले आहे. चुन्याच्या नळीच्या आत पांढरट, कडक थर बसलेला असतो. सौम्य आम्लाचा थेंब पडताच तो फसफसतो. असा थर असेल तर पात्र विड्याच्या साहित्यापैकी होते, औषधाचे नव्हे. पान, सुपारी, चुना व तंबाखू यांचे हे साहचर्य महाराष्ट्रात वेगळे सांगावे लागत नाही. येथील चंची व चुन्याची डबी यांचे काम तेथे ही नळी करते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील अडकित्त्यांचा संग्रह पाहिलेल्या कोणालाही हे पटेल की नित्य वापराच्या वस्तूवर माणूस किती हौसेने कलाकुसर करतो. त्यासाठी तिला मंत्रतंत्राचे निमित्त लागत नाही.

वापरलेल्या नळीला हाताच्या स्पर्शाने मधासारखा तांबूस रंग येतो, पण तो सर्वत्र सारखा नसतो. जेथे बोटे धरतात तेथे रेषा झिजतात, गाठीजवळच्या खोबणीत मळ साठतो, बुचाच्या कडेवर घासल्याच्या खुणा असतात. कृत्रिमरीत्या जुने केलेल्या नळीचा रंग सगळीकडे एकसारखा असतो. बांबू कोरड्या हवेत उभा तडकतो. तडक कोरीव रेषेला छेदून गेली असेल आणि तिच्या आतही रंग शिरला असेल, तर रंग तडकेनंतर दिलेला आहे. विजेच्या तापलेल्या सळईने काढलेल्या रेषेच्या कडा करपलेल्या दिसतात. किड्यांनी पाडलेली छिद्रे मात्र वयाचा पुरावा नव्हेत. बांबूला लागणारी कीड पहिल्या काही महिन्यांतच नळकांडे पोखरू शकते.

बांबूच्या जातीवरून प्रदेश ठरवण्याचा मोह टाळलेला बरा. 'देन्द्रोकालामुस आस्पेर' सारख्या मोठ्या जातींची लागवड द्वीपसमूहात सर्वदूर आहे. पातळ भिंतीच्या व लांब पेरांच्या जाती नळीसाठी सोयीच्या म्हणून अनेक ठिकाणी निवडल्या गेल्या. किरणोत्सर्गी कार्बनचे मापन स्थान सांगत नाही, परंतु एका प्रश्नाचे उत्तर देते. १९५० च्या दशकातील अणुचाचण्यांमुळे वातावरणातील या कार्बनचे प्रमाण वाढले. त्यानंतर उगवलेल्या बांबूत ती वाढ दिसते. बांबूचा कोंब काही वर्षांतच तोडला जात असल्याने जुन्या लाकडाबाबत येणारी अडचण येथे येत नाही. 'एकोणिसाव्या शतकातील' म्हणून विकलेली नळी प्रत्यक्षात १९७० नंतरच्या पर्यटनाची निर्मिती आहे का, हे यावरून ठरू शकते. त्याहून जुन्या, म्हणजे गेल्या दोन-तीन शतकांतील काळासाठी ही पद्धत फारशी नेमकी नाही.

नोंदवही, बंदर आणि सरहद्द

संग्रहालयाची नोंदवही हा पुरावा सामान्यतः प्रथम पाहिला जातो. तो शेवटी पाहावा, असे येथे सुचवावेसे वाटते. नोंदवहीत बहुधा वस्तू जेथे मिळाली ते ठिकाण असते, केली गेली ते नव्हे. डोंगरातील कारो वस्तू देलीच्या किनाऱ्यावर विकत घेतली जाई आणि 'देली' म्हणून नोंदली जाई. लायडेनच्या वांशिक संग्रहालयाच्या विस्तृत सूची १९१० पासून प्रसिद्ध होऊ लागल्या. आरंभीचे खंड बोर्निओचे होते. त्यांचे मोल निर्विवाद आहे, पण त्यांतील प्रदेशनामे ही त्या काळच्या प्रशासकीय विभागांची नावे आहेत, हे विसरता येत नाही.

बोर्निओचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. आंतोन न्यूवेनहाउस यांनी १८९४ ते १९०० या काळात डच बोर्निओत तीन मोहिमा केल्या व कायान वस्तू नेदरलँड्सला नेल्या. त्याच सुमारास चार्ल्स होज हे ब्रुक राजांच्या सारावाकमध्ये बाराम नदीच्या जिल्ह्याचे अधिकारी होते. त्यांनी जमवलेल्या वस्तू ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या. एकाच समाजाच्या वस्तू एका ठिकाणी 'डच बोर्निओ' व दुसऱ्या ठिकाणी 'सारावाक' झाल्या. आज पहिल्याचे भाषांतर 'इंडोनेशिया' आणि दुसऱ्याचे 'मलेशिया' असे केले जाते. कायान व केन्याह आजही सरहद्दीच्या दोन्ही बाजूंस राहतात, नद्यांच्या काठाने त्यांची स्थलांतरे होत आली आहेत, आणि नळी कोरणाऱ्याला या सरहद्दीशी काही कर्तव्य नव्हते.

तिमोरची गुंतागुंत निराळी आहे. बेटाचा पश्चिम भाग डचांकडे व पूर्व भाग पोर्तुगीजांकडे होता. पोर्तुगीज तिमोर १८४४ पर्यंत गोव्याच्या प्रशासनाखाली होते, त्यानंतर ते मकावला जोडले गेले. १९७५ मध्ये इंडोनेशियाने पूर्व तिमोरवर आक्रमण केले व पुढील वर्षी तो प्रदेश आपल्यात सामील केल्याचे जाहीर केले. २००२ मध्ये पूर्व तिमोर स्वतंत्र राष्ट्र झाले. मधल्या काळात ज्या तिमोरी चुनापात्रांवर 'इंडोनेशिया' अशी चिठ्ठी लागली ती सर्व पुन्हा तपासणे भाग आहे. परंतु बारीक आडव्या-उभ्या रेषांच्या जाळीत आकड्यांची नक्षी असलेली तिमोरी नळी हातात घेतल्यावर ती बेटाच्या कोणत्या अर्ध्या भागातील आहे हे केवळ रेषांवरून सांगता येत नाही. तेथे संग्राहकाचा प्रवासमार्ग, जहाजाची नोंद किंवा विक्रीची पावती यांपैकी काही हाती असेल तरच पुढचे पाऊल टाकता येते. तसे काही नसेल तर सूचीत 'तिमोर बेट' असे लिहून देशाचा रकाना रिकामा ठेवणे हेच इष्ट होय.